वादग्रस्त पुतळा वाचवायचा की त्याची जागा? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

दर थोड्या महिन्यांनी कुठल्यातरी देशातून असा व्हिडिओ फिरत येतो. पुतळ्याच्या गळ्यात दोर, खाली ओरडणारी गर्दी, आणि मग तो धाडकन खाली येतो. लगेच दोन बाजू पडतात, एक म्हणते इतिहास पुसताय, दुसरी म्हणते जुलमी माणसाचा सन्मान किती दिवस सहन करायचा, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असल्यामुळे वाद कधी संपतच नाही. मला वाटतं की यातला अर्धा गोंधळ आपण दोन प्रश्न एकत्र करतो म्हणून होतो. ते वेगळे केले की बरंच सोपं होतं, म्हणून हा लेख.

पुतळा नक्की काय सांगतो?

आपण असं धरून चालतो की पुतळा त्या माणसाच्या काळाबद्दल सांगतो. खरंतर तो ज्यांनी उभा केला त्यांच्या काळाबद्दल जास्त सांगतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा घ्या. हा माणूस वारला १७२१ मध्ये. पुतळा उभा राहिला १८९५ मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी. मधल्या काळात ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामगिरीही कायद्याने संपवली, आणि हे सगळं झाल्यावर शहरातल्या काही मोठ्या लोकांना वाटलं की कोल्स्टनचा पुतळा हवा, कारण त्याने शाळांना, गरिबांना भरपूर पैसा दिला होता. तो पैसा कुठून आला हे पाटीवर आलंच नाही. कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीचा मोठा अधिकारी होता. तो कंपनीत होता त्या काळात सुमारे ८४,००० आफ्रिकन माणसं, बायका, मुलं जहाजांत कोंबून अमेरिका खंडाकडे नेली गेली आणि त्यातले जवळपास १९,००० वाटेतच मेले असा अंदाज आहे.

अमेरिकेत तर हे आणखी ठळक दिसतं. तिथलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं. गुलामगिरी टिकावी म्हणून देशातून फुटलेली दक्षिणेकडची राज्यं, ज्यांना कॉन्फेडरेट म्हणतात, ती हरली. पण त्यांच्या सेनापतींचे बहुतेक पुतळे आणि स्मारकं १८९० नंतरच्या तीसेक वर्षांत उभी राहिली, म्हणजे अगदी त्याच वेळी जेव्हा दक्षिणेत काळ्या लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला जात होता आणि त्यांना कायद्याने वेगळं बसवलं जात होतं. त्या सैन्याचा सर्वात मोठा सेनापती रॉबर्ट ली, त्याने स्वतः १८६९ मध्ये एका पत्राला उत्तर देताना म्हटलं होतं की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवण्यापेक्षा त्याच्या खुणा विसरलेल्या बऱ्या. त्याचेच पुतळे नंतर शहराशहरात उभे राहिले.

हे घरातल्या भिंतीवरच्या फोटोसारखं आहे. एखाद्या पूर्वजाचा फोटो हॉलमध्ये हार घालून लावणं हा मान झाला, आणि त्याचाच फोटो अल्बममध्ये असणं ही आठवण झाली. भिंतीवरून काढून अल्बममध्ये ठेवला तर तो पूर्वज घराण्यातून नाहीसा होत नाही, फक्त रोज त्याच्यासमोरून जाताना मान झुकवायची गरज उरत नाही. चौकातला चौथरा म्हणजे ती भिंत.

संरक्षण म्हणतो ते कशापासून?

तर आता ते दोन प्रश्न.

पहिला, पुतळा या वस्तूचं संरक्षण, म्हणजे कोणी तो फोडू नये, जाळू नये, पाण्यात फेकू नये. दुसरा, पुतळ्याच्या जागेचं संरक्षण, म्हणजे तो त्या चौकात, त्या उंचीवर कायम राहील अशी हमी.

कायदे या दोन्ही गोष्टी करतात आणि आपण बातमी वाचताना त्या एकच समजतो. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा बदलला, आता स्मारकाचं नुकसान केलं तर ते कितीही कमी किंमतीचं असलं तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे पहिल्या प्रकारचं संरक्षण. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने २०१७ मध्ये केलेला कायदा दुसऱ्या प्रकारचा आहे, सार्वजनिक जागेवर ४० वर्षांहून जुनं स्मारक असेल तर ते शहराला स्वतःलाही हलवता येत नाही, हलवलं तर २५,००० डॉलर दंड. म्हणजे इथे गर्दीला नाही, तर लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिललाच थांबवलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं संरक्षण प्रत्येक पुतळ्याला मिळालं पाहिजे, अगदी वाईटातल्या वाईट माणसाच्या पुतळ्यालाही. दुसरं कुठल्याच पुतळ्याला मिळू नये, आपल्या आवडत्या माणसाच्याही नाही. आणि दुसरं दिलं की पहिलंसुद्धा धोक्यात येतं, ते कसं ते पुढे बघू.

गर्दीच्या हातात दोर का नको

अन्याय झालेल्या लोकांचा राग खोटा नसतो हे मला मान्य आहे. तरीही गर्दीने पुतळा पाडणं चूक का, याची कारणं २०२० च्या उन्हाळ्यात, काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध आंदोलनं चालू असताना, अमेरिकेतच दिसली.

विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहरात जून २०२० मध्ये आंदोलकांनी हान्स क्रिश्चन हेग याचा पुतळा पाडून तळ्यात फेकला. हा हेग कोण, तर गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला, नॉर्वेहून आलेला माणूस, जो कॉन्फेडरेट सैन्याशी लढताना १८६३ मध्ये मारला गेला. म्हणजे ज्या कारणासाठी आंदोलन चाललं होतं त्याच कारणासाठी जीव दिलेल्या माणसाचा पुतळा पाडला गेला! राग कितीही खरा असला तरी रात्रीच्या गर्दीत चौकशी होत नाही, बाजू ऐकली जात नाही. त्याच महिन्यात व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथमध्ये कॉन्फेडरेट स्मारकावरचा पुतळा खाली येताना एका आंदोलकाच्या डोक्यावर पडला आणि तो गंभीर जखमी झाला.

आणि सर्वात मोठं कारण हे की दोर काही एकाच बाजूकडे नसतो. आज ज्यांची गर्दी मोठी त्यांनी पाडायचं हा नियम एकदा मान्य केला, की उद्या ज्यांची संख्या कमी त्यांच्या नेत्यांचे, कवींचे, समाजसुधारकांचे पुतळे पहिले पडणार. गर्दीपासून संरक्षणाची खरी गरज दुबळ्यांच्या पुतळ्यांना असते, बलवानांच्या पुतळ्यांभोवती तसंही पोलीस उभे असतात.

मग ब्रिस्टलमध्ये दोर आलाच का?

कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२० ला पाडला, रस्त्यावरून लोळवत नेला आणि बंदरात ढकलला. जगभर बातमी झाली, पण त्याआधी काय काय घडलं होतं ते बहुतेकांना माहीत नाही आणि माझ्या मते खरा धडा तिथेच आहे.

तो पुतळा १९७७ पासून वारसा यादीत होता, म्हणजे सरकारच्या त्या लिस्टमध्ये जिथलं बांधकाम परवानगीशिवाय बदलता येत नाही. पुतळ्याबद्दल तक्रारी वर्षानुवर्षं चालू होत्या. लोकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, लेख लिहिले. शेवटी असं ठरलं की निदान दुसरी पाटी लावू, ज्यात गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख असेल. आता एका पाटीवर दोन ओळी लिहायला किती वेळ लागावा? २०१८ मध्ये मसुदा आला, त्यावर वाद झाले, शब्द कापले गेले, सौम्य केले गेले, पुन्हा मसुदा, आणि २०१९ मध्ये पाटी तयार झाली तेव्हा शहराच्या महापौरांनी आक्षेप घेतला की यात नीट सत्य सांगितलेलंच नाही. पाटी लागलीच नाही. सव्वा वर्षाने पुतळा पाण्यात होता.

यावरून मी पाडणाऱ्यांना शाबासकी देत नाहीये. कोर्टातही हे प्रकरण गुंतागुंतीचं झालं, चार जणांवर खटला चालला, ज्यूरीने जानेवारी २०२२ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं, मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं की हिंसक पद्धतीने मोठं नुकसान केलं तर आंदोलनाच्या हक्काचं कारण पुढे करता येणार नाही. चौघांची सुटका मात्र कायम राहिली. पण मुद्दा असा की ज्या शहरात एक पाटी बदलण्याचा मार्गसुद्धा बंद पडतो तिथे लोकांना सनदशीर मार्गाने जा म्हणून सांगण्यात काही वजन उरत नाही.

शार्लट्सव्हिलचं उदाहरण याहून वाईट आहे. व्हर्जिनियातलं हे छोटं शहर. रॉबर्ट लीचा १९२४ चा पुतळा काढायचा असा ठराव तिथल्या कौन्सिलने फेब्रुवारी २०१७ मध्ये, रीतसर मतदान करून, ३ विरुद्ध २ ने पास केला. गर्दी नाही, दोर नाही, सगळं नियमात. पण राज्याचा एक जुना कायदा युद्धस्मारकं हलवायला मनाई करत होता, त्याच्या आधारे लोक कोर्टात गेले आणि पुतळा तिथेच अडकला. त्या ऑगस्टमध्ये पुतळ्याच्या बाजूने गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा आला, विरोध करणाऱ्या लोकांवर एकाने गाडी घातली आणि एका तरुण स्त्रीचा जीव गेला. २०२० मध्ये राज्याने कायदा बदलला, एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो जुना मनाईचा नियम या पुतळ्याला लागूच नव्हता, आणि जुलै २०२१ मध्ये क्रेन आणून शांतपणे पुतळा उतरवला. साडेचार वर्षं, एक मृत्यू, आणि शेवटी तेच झालं जे कौन्सिलने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

जागेचं संरक्षण वस्तूच्या संरक्षणाला मारक ठरतं असं मी म्हणतो ते यामुळे. निर्णय घ्यायचा दरवाजाच बंद केला की पुतळा हा प्रश्न राहत नाही, तो रणांगण होतो.

काढला तर इतिहास पुसला जाईल ना?

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

मुंबईत राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता, तो १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात नेला. त्या जागेला लोक अजून काळा घोडाच म्हणतात, तिथे काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याला मूळ पुतळा बघायचाय तो भायखळ्याला जाऊन बघू शकतो. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखालचा पाचव्या जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवला, तो कोरोनेशन पार्कात उभा आहे. ब्रिटिश राज्य होतं हे यामुळे कोणी विसरलं का? उलट ती राजवट संपली हेही आता त्या जागा सांगतात.

कोल्स्टनचा पुतळा तर पाण्यातून काढून ब्रिस्टलच्या एम शेड म्युझियममध्ये ठेवला, उभा नाही, आडवा, अंगावरचा लाल निळा रंग तसाच. शहराने लोकांचं मत विचारलं तेव्हा जवळपास १४,००० जणांनी उत्तरं दिली आणि दर पाचातल्या चौघांना तो म्युझियममध्ये असणं योग्य वाटलं. सव्वाशे वर्षं चौथऱ्यावर असताना त्याने जेवढा इतिहास शिकवला नाही तेवढा तो आता आडवा पडून शिकवतो असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र या आक्षेपातली खरी आहे. पुतळा गायब केला, गोदामात टाकला आणि तिथे एक अक्षरही लिहिलं नाही, तर आठवण खरंच विरते. म्हणजे काढणं हे अर्धंच काम आहे.

तिथेच ठेवून माहिती लावली तर?

याला ठेवा आणि समजावा असं धोरण म्हणतात, ब्रिटिश सरकारचा कल याच बाजूला आहे. कधीकधी हे फार सुंदर जमतं. इटलीत बोल्झानो शहरात एका सरकारी इमारतीवर मुसोलिनीचं घोड्यावरचं भलंमोठं शिल्प आहे, भिंतीभर पसरलेलं. ते फोडलं नाही, झाकलंही नाही. २०१७ मध्ये त्याच्यावरच दिव्यांची अक्षरं लावली, तीन भाषांत, विचारवंत हाना आरेन्ट यांचं वाक्य, की आज्ञा पाळण्याचा हक्क कोणालाच नाही. आंधळेपणाने हुकूम मानायला लावणाऱ्या राजवटीच्या शिल्पावर हे वाक्य! बघणाऱ्याला दोन्ही एकदम दिसतं आणि शिल्प आपलं जुनं म्हणणं मांडूच शकत नाही.

पण तीन मीटर उंच ब्राँझच्या माणसाखाली वहीच्या पानाएवढी पाटी लावून काही बदलत नाही. लोक पुतळा लांबून बघतात, पाटी कोणी वाचत नाही. समजावायचंच असेल तर ते पुतळ्याइतकंच मोठं आणि स्पष्ट हवं, नाहीतर ती फक्त वेळ मारून नेणं झालं.

त्या काळात सगळेच तसे होते, मग एकट्यालाच का?

सगळे तसे नव्हते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण या एका वाक्यावर बरेच वाद थांबतात आणि ते वाक्यच चुकीचं असतं.

बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने काँगोवर स्वतःच्या मालकीसारखं राज्य केलं, रबरासाठी लोकांना वेठीला धरलं, असंख्य माणसं मेली. त्याच्याच हयातीत, १९०४ मध्ये, ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंटने या अत्याचारांचा रिपोर्ट दिला, जगभर मोहीम चालली आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही हे भयंकरच वाटलं होतं. आणि मुख्य म्हणजे ज्यांना त्रास झाला तीही त्याच काळातली माणसं होती ना, त्यांचं मत त्या काळाच्या मतात का धरायचं नाही?

आज हा, उद्या तो, मग उरणार कोण?

भीती रास्त आहे. निर्दोष माणूस इतिहासात सापडणार नाही, त्यामुळे दोष आहे का हा प्रश्नच उपयोगाचा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या समितीने इमारतींच्या नावांबद्दल एक चांगली कसोटी सुचवली, त्या माणसाचा मुख्य वारसा काय? त्याला आपण आठवतो ते कशासाठी? जॉर्ज वॉशिंग्टनकडे गुलाम होते आणि ते लपवू नये, पण त्याचा पुतळा देश उभा केल्याबद्दल आहे. लीचा पुतळा ज्या कामासाठी आहे तेच काम गुलामगिरी वाचवण्याच्या युद्धाचं होतं. फरक इथे आहे.

तरी ही कसोटी यंत्रासारखी चालत नाही. घानाच्या विद्यापीठात २०१६ मध्ये महात्मा गांधींचा पुतळा उभा राहिला तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधींनी आफ्रिकन लोकांबद्दल जे लिहिलं ते अपमानकारक होतं. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा तिथून काढला. आपल्याला हे वाचून टोचतं. गांधी नंतर बदलले, त्यांच्या लढ्याने पुढे आफ्रिकेतल्याच नेत्यांना बळ दिलं, त्यामुळे मुख्य वारसा बघितला तर मी तो पुतळा राहावा असंच म्हटलं असतं. पण ते कॅम्पस त्यांचं आहे. त्यांनी अर्ज करून, चर्चा करून मागणी केली, आणि त्यांच्या आवारात कोणाचा मान करायचा हे त्यांनीच ठरवायचं, हे आपल्या माणसाच्या बाबतीत मान्य करता आलं तरच बाकीच्यांना सांगण्यात अर्थ आहे.

ठरवायचं कसं मग?

बदललेला व्हर्जिनियाचा कायदा बऱ्यापैकी नमुना आहे. शहराला पुतळा हलवायचा असेल तर आधी जाहीर नोटीस, किमान ३० दिवस थांबायचं, मग सर्वांसमोर सुनावणी, त्यानंतर मतदान, आणि काढायचं ठरलं तर पुढचे ३० दिवस म्युझियम, इतिहास संस्था वगैरेंना तो घेण्याची संधी द्यायची. राग शांत व्हायला वेळ मिळतो, पुतळ्यावर प्रेम असलेल्यांना बोलायला मिळतं, आणि तरीही निर्णय अडत नाही.

वितळवण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. शार्लट्सव्हिलने लीचा पुतळा एका स्थानिक संस्थेला दिला आणि २०२३ मध्ये तो वितळवला गेला, त्या ब्राँझमधून नवी कलाकृती करायची म्हणून. नियमात झालं, त्या शहराने जे भोगलं त्यानंतर मी त्यांना दोषही देणार नाही, पण हलवलेला पुतळा परत आणता येतो, वितळवलेला नाही, आणि पुढच्या पिढीला आपल्यापेक्षा वेगळं वाटायचा हक्क आहे. बुडापेस्टने कम्युनिस्ट काळातले चाळीसच्या आसपास पुतळे आणि स्मारकं शहराबाहेर मेमेंटो पार्कमध्ये नेऊन ठेवली, ते १९९३ पासून खुलं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. तिथे त्या पुतळ्यांची कोणालाच भीती वाटत नाही.

नवा पुतळा उभारतानाच

आपण सगळी चर्चा पुतळा पाडायच्या वेळी करतो. ती उभारायच्या वेळी व्हायला हवी. अमेरिकेच्या राजधानीत १९८६ चा कायदा आहे की माणूस मेल्यावर २५ वर्षं तरी त्याचं स्मारक केंद्र सरकारच्या जमिनीवर उभारायचं नाही, म्हणजे लाट ओसरू द्यायची. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढे आहे. परवानगी देतानाच मुदत लिहा, समजा ५० वर्षं, आणि मुदत संपली की त्या वेळच्या लोकांना विचारा की ठेवायचा का. ज्याच्यावर लोकांचं खरं प्रेम आहे तो राहीलच. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात चौथा चौथरा राजा चौथ्या विल्यमच्या पुतळ्यासाठी बांधला होता, पैसे कमी पडले आणि तो दीडशे वर्षं रिकामा राहिला. १९९९ पासून तिथे ठराविक काळापुरती कलाकृती लावतात, मग उतरवतात, दुसरी लावतात, त्यावर लोक भांडतातही, पण दोर घेऊन कोणी येत नाही कारण ती कायमची नाही हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.